वाडीवऱ्ह्याच्या पुढची दुपार

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या दर्शनाला पायी निघालो होतो. वसईहून निघून चार दिवस झाले होते की पाच, आता नीट सांगता येत नाही. भिवंडी, पडघा, शहापूर. रात्री कुठल्यातरी शाळेच्या व्हरांड्यात पाठ टेकायची, पहाटे चारला उठून पुन्हा जपमाळ हातात. कसारा घाट चढलो, घाटनदेवीपाशी पाणी प्यायलो, इगतपुरी मागे पडलं, घोटीही.

लक्षात राहिली ती वाडीवऱ्ह्याच्या पुढची दुपार.

फेब्रुवारी असला तरी हायवेचं डांबर तापलं होतं. डाव्या टाचेखाली लिंबाएवढा फोड आला होता, म्हणून पाय तिरका टाकत होतो, तर त्याने उजवा गुडघा धरला. आमच्या गटातल्या एक मावशी सकाळपासून माइकवर रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळेची प्रार्थना, सांगत होत्या. आवाज खणखणीत. प्रत्येक ‘नमो मरिये’ डोक्यात घणासारखं बसत होतं. मी चिडलो होतो, आणि पुढचं उत्तर म्हणतही होतो.

रस्त्याकडेला रसवंती दिसली तसा मी बाकावर बसलोच. बूट काढायचं धाडस होईना. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. ‘तुमच्या खात्यात पाचशे रुपये बोनस जमा. आजच खेळा.’

दोन वर्षं मोबाइलवर रमी खेळलो. बायकोच्या पाटल्या त्यात गेल्या, आणि त्या कुठे गेल्या हे मी तिला सहा महिने सांगितलं नाही. मग एकदा प्रायश्चित्त संस्काराला, म्हणजे चर्चमध्ये पापांची कबुली द्यायला, गेलो आणि फादरांसमोर सगळं ओकलो. ते म्हणाले होते, मनात मोह येणं हे पाप नाही. प्रभू येशूलाही मोह झाला होता. आपण त्याला हो म्हणतो, तिथे पाप सुरू होतं. अ‍ॅप तिथेच त्यांच्यासमोर काढून टाकलं. वर्ष झालं त्याला.

पण त्या बाकावर अंगठा लिंकवर जाऊन थांबला होता. बोटाला वाट अजून पाठ होती. पाचशेच तर आहेत, तेही त्यांचेच, पायी चालतोयस, थोडं मन रमेल. प्रभूकडेही अरण्यात चाळीस दिवस उपास झाल्यावर, भूक लागल्यावर सैतान आला. आणि त्याने मागितलं तरी काय, तर दगडाची भाकर. उपदेशात शंभरदा ऐकलं होतं. तो थकव्याची वेळ साधून येतो हे मला त्या दिवशी टाचेतून कळलं. प्रभूने तिन्ही वेळा बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं वचन पुढे केलं. मला एकही वचन आठवेना. ‘आम्हाला मोहात पडू देऊ नकोस’, एवढंच आठवलं, तेही अर्धवट.

“माउली, पाय द्या इकडं.”

रसवंतीवाले बाबा समोर उकिडवे बसले होते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर गोपीचंदन. मी पाय मागे घेतला. वडिलांच्या वयाच्या माणसाच्या हातात धुळीने भरलेला पाय कसा द्यायचा? प्रभू पाय धुवायला बसला तेव्हा त्याच्या शिष्याला, पेत्राला, काय वाटलं असेल ते वाटलं. “लाजू नका. निवृत्तिनाथाच्या यात्रेला त्र्यंबकला जाऊन आलो आत्ताच. दिंडीत हेच करतो आम्ही.” त्यांनी बूट उतरवला, मोजा अलगद सोलला, टाच मांडीवर घेतली. काडी पेटवून सुई तापवली, तिच्यात पांढरा दोरा ओवला, आणि फोडाच्या या कडेने घालून त्या कडेने काढली. दोन्ही बाजूंनी बोटभर दोरा ठेवून कापला. पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब ओघळू लागलं.

“दोरा उपटायचा नाही. पाणी त्याच्या वाटेनं जातं. कातडं तसंच राहू द्या, ते आतल्याला जपतं.”

“दोन्ही हातांनी गुडघा धरा,” म्हणाले. फोन हातात होता. मावशी शेजारी येऊन उभ्या होत्या, माइक बंद करून. मी फोन त्यांच्या हातात दिला. “नाशिकरोड येईस्तोवर तुमच्याकडे ठेवा. मी मागितला तरी देऊ नका.” त्यांनी का म्हणून विचारलं नाही. फोन पिशवीत चकल्यांच्या डब्याखाली सारला.

बाबांनी हळद-खोबरेल लावलं, रसाचा ग्लास पुढे केला. पैसे काढले तर म्हणाले, “पायाचे पैसे घेतात व्हय?” नाव विचारायचं राहून गेलं.

पुढे विल्होळी, पाथर्डी फाटा. माइक पुन्हा सुरू झाला आणि मी मोठ्याने म्हणू लागलो. मधेच रडू आलं. ऊन तसंच होतं.

नाशिकरोडला बाळ येशूच्या दारी गर्दीत तीन तास रांग. मुकुट घातलेली ती लहानशी मूर्ती, आशीर्वादाला उचललेला इवलासा हात. पाटल्यांसाठी, नोकरीसाठी काय काय मागायचं ठरवून आलो होतो. समोर गेल्यावर त्या बाबांसाठीच मागितलं, आणि बाकीचं तसंच राहिलं.

बाहेर येऊन मावशींच्या फोनवरून बायकोला फोन लावला.

“पोचलो गं.”

“हा कोणाचा नंबर? तुझा फोन कुठे आहे?”

“मावशींकडे दिलाय. घरी येईपर्यंत त्यांच्याकडेच राहू दे म्हणतोय.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग तिने विचारलं, “पाय कसे आहेत?”