लाल रेघ २६ घरं पुढे: पोस्टग्रेससाठी एडिटर एक्स्टेंशन बनवतानाचा माझा अनुभव

चूक होती एका कॉलमच्या नावात आणि लाल नागमोडी रेघ उमटत होती तिच्यापासून २६ घरं पुढे. ओळ लहान असली तर चक्क खालच्या ओळीत. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या क्वेरी व्हीएस कोड या एडिटरमध्येच लिहाव्यात, तपासाव्यात आणि चालवाव्यात यासाठी एक्स्टेंशन बनवायला अडीच महिने लागले. त्यातले तीन आठवडे या एका रेघेनं खाल्ले. त्याबद्दल कुठे नीट एकत्र लिहिलेलं सापडलं नाही याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

नागपूरच्या आमच्या कामात संत्रा बागायतदारांच्या नोंदी आहेत. टेबलांची नावं रोमन लिपीत, पण गाव, तालुका, शेतकऱ्याचं नाव सगळं देवनागरीत. त्यामुळे क्वेरीतही 'कामठी', 'कळमेश्वर' असे शब्द येणारच. चाचणीच्या फायली मात्र मी इंग्रजी मजकुराच्याच ठेवल्या होत्या आणि त्यांत रेघ अगदी अचूक जागी पडायची. तुम्ही असलं काही सुरू करणार असाल तर पहिल्या दिवशीच देवनागरी मजकुराची एक फाइल चाचणीत टाका.

रचना थोडक्यात सांगतो, कारण तिथे काही अडलं नाही. एक्स्टेंशनचे दोन भाग: एडिटरमध्ये बसणारा छोटा क्लायंट आणि वेगळ्या प्रोसेसमध्ये चालणारा लँग्वेज सर्व्हर. दोघं लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलनं बोलतात. हा प्रोटोकॉल २०१६ मध्ये खुला झाला. त्यामुळे तोच सर्व्हर उद्या निओव्हिमसारख्या दुसऱ्या एडिटरलाही जोडता येतो. तपासणी दोन पायऱ्यांत होते. आधी पोस्टग्रेसचाच पार्सर (क्वेरीची रचना उलगडणारा भाग) वेगळा काढून बनवलेली लिबपीजी_क्वेरी ही लायब्ररी फाइलचं झाड, म्हणजे रचनेचा आराखडा, बनवते आणि त्यातून प्रत्येक स्टेटमेंट सुटं होतं. मग ते स्टेटमेंट 'प्रिपेअर' करून पोस्टग्रेसच्या सर्व्हरकडे पाठवायचं. 'प्रिपेअर'मध्ये क्वेरी चालत नाही, पण टेबल आहे का, कॉलम आहे का, टाइप जुळतो का हे सगळं तपासलं जातं. जमलं तर लगेच 'डीअलोकेट', म्हणजे ते काढून टाकायचं. ही सोय सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट, मर्ज आणि व्हॅल्यूज यांच्यापुरतीच आहे. क्रिएट टेबलसारख्या स्टेटमेंटला फक्त झाडावर भागवावं लागतं.

आता रेघ. एकाच ठिकाणाचा आकडा चार जण चार तऱ्हांनी मोजतात, आणि चौघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

'कामठी' घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात: का, म, ठी. युनिकोडमध्ये ते पाच कोड पॉइंट (प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक) आहेत, कारण काना आणि वेलांटी स्वतंत्र मोजतात. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट तीन बाइट घेतो, म्हणून १५ बाइट. यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत पाच युनिट (दोन-दोन बाइटचे तुकडे). 'कळमेश्वर' म्हणजे आठ कोड पॉइंट, २४ बाइट, आठ युनिट. 'राष्ट्रीय' हा शब्द दिसतो तीन अक्षरांचा, पण कोड पॉइंट नऊ आणि बाइट २७.

पार्सरच्या झाडात मिळणाऱ्या जागा बाइटमध्ये असतात. पोस्टग्रेसच्या सर्व्हरकडून येणाऱ्या एररमधली 'पोझिशन' असते कॅरेक्टरमध्ये, म्हणजे कोड पॉइंटमध्ये, आणि ती एकपासून सुरू होते. एडिटरला हवी असते ओळ आणि त्या ओळीतलं यूटीएफ-१६ युनिट, दोन्ही शून्यापासून. प्रोटोकॉलच्या ३.१७ आवृत्तीपासून मोजमापाची पद्धत आपसात ठरवता येते, पण व्हीएस कोड यूटीएफ-१६ वरच राहतं, तेव्हा त्या सवलतीचा इथे उपयोग नाही.

आता २६ चा हिशोब लागतो. त्याच ओळीत आधी 'कामठी' आला, १५ वजा ५, म्हणजे १० घरं जादा. मग 'कळमेश्वर', २४ वजा ८, म्हणजे १६. या रेघेसाठी सर्व्हरचा नव्हे, तर झाडातला बाइटचा आकडा मी सरळ एडिटरला देत होतो, म्हणून रेघ २६ घरं पुढे.

इतकं कळल्यावर दुरुस्ती सोपी वाटली आणि तिथेच खरा घोळ झाला. येणारा प्रत्येक आकडा बाइटमधून युनिटमध्ये बदलायचं एक फंक्शन मी शेवटच्या टप्प्यावर बसवलं. झाडावरून येणाऱ्या रेघा जागेवर आल्या, पण सर्व्हरच्या एररच्या रेघा आता डावीकडे सरकल्या. त्या आधीपासून बरोबर होत्या! देवनागरीत कोड पॉइंट आणि यूटीएफ-१६ युनिट एकास एक जुळतात, म्हणून सर्व्हरचा आकडा माप न बदलता चालत होता. मग वाटलं, सर्व्हरच्या आकड्याला फक्त एक वजा पुरे. तेही महिनाभरच टिकलं. कुणीतरी क्वेरीवरच्या कॉमेंटमध्ये संत्र्याची इमोजी टाकली आणि तिच्या खालच्या सगळ्या रेघा एक घर डावीकडे गेल्या. ती इमोजी पोस्टग्रेससाठी एक कॅरेक्टर, यूटीएफ-८ मध्ये चार बाइट आणि यूटीएफ-१६ मध्ये दोन युनिट. जिथे देवनागरी चुकत नाही तिथे इमोजी चुकते आणि जिथे इमोजी दोन घरांनी चुकते तिथे देवनागरी २६ घरांनी. चाचणीच्या फायलीत दोन्ही हवेत.

शेवटी जे टिकलं ते असं. आकडा ज्या दारातून आत येतो त्याच दारात तो यूटीएफ-१६ मध्ये बदलायचा, आत दुसरं कुठलंही माप फिरू द्यायचं नाही. म्हणून दोन वेगळी फंक्शनं. बाइटसाठी: मजकुराचा यूटीएफ-८ बफर करा, सुरुवातीचे तितके बाइट कापा, परत स्ट्रिंग करा, तिची लांबी घ्या. कोड पॉइंटसाठी: मजकूर कोड पॉइंटनुसार चालत जा आणि एफएफएफएफ या हेक्स क्रमांकाच्या वरचा प्रत्येक कोड पॉइंट दोन धरा. प्रत्येक रेघेसाठी हे फाइलच्या सुरुवातीपासून करू नका. मोठ्या फायलीत टायपिंग अडखळायला लागतं. प्रत्येक ओळीची सुरुवात तिन्ही मापांत एकदाच मोजून तक्ता करा आणि मजकूर बदलला की तो नव्यानं करा.

तरीही रेघ चुकत असेल तर पुढच्या जागा बघा, या सगळ्यांत मी अडकलो आहे. क्वेरीच्या आधी तुम्ही 'प्रिपेअर अमुक अ‍ॅज' असं जोडता, त्याची लांबी सर्व्हरच्या आकड्यातून वजा करायची असते. जावास्क्रिप्टमधून पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या नोडच्या पीजी लायब्ररीत 'पोझिशन' ही स्ट्रिंग म्हणून येते. तिच्यात एक मिळवला तर ४५ चे ४६ न होता ४५१ होतात, आधी नंबर करा. फाइलच्या शेवटच्या स्टेटमेंटनंतर अर्धविराम नसेल तर झाडात त्याची लांबी शून्य येते, तिचा अर्थ 'उरलेला सगळा मजकूर'. विंडोजवरच्या फायलीतलं कॅरेज रिटर्न तुम्ही काढून पाठवलंत तर प्रत्येक ओळीमागे एक घर चुकतं, म्हणून मजकूर जसाच्या तसा पाठवा. फंक्शनच्या आतल्या क्वेरीत चूक असेल तर 'पोझिशन'ऐवजी 'इंटर्नल पोझिशन' येते. तो आकडा तुमच्या फायलीचा नसतोच, त्यावरून रेघ मारू नका, नुसता संदेश दाखवा.

एक राहिलं. स्टेटमेंट सुटं करायला अर्धविरामावर तोडण्याचा मोह आवरा. डॉलर-कोटच्या (डॉलर चिन्हांमध्ये बंद केलेल्या मजकुराच्या) आत अर्धविराम असतात, पोस्टग्रेसमध्ये एका ब्लॉक कॉमेंटमध्ये दुसरी कॉमेंट बसू शकते, आणि आवृत्ती १४ पासून 'बिगिन अ‍ॅटॉमिक'च्या फंक्शनमध्ये तर कोटशिवायच अर्धविराम येतात. हे काम पार्सरलाच करू द्या. ऑटोकम्प्लीटला मात्र हा पार्सर चालत नाही. टाइप होत असलेली क्वेरी अर्धवट असते आणि पार्सर पहिल्या चुकीलाच थांबतो. तिथे मी साधा टोकनायझर (मजकूर शब्दाशब्दांत तोडणारा भाग) लिहिला: कर्सरपासून मागे जाऊन जवळचं फ्रॉम किंवा जॉइन शोधायचं. त्यातही देवनागरीनं गाठलंच. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरातला नमुना शोधण्याच्या सूत्रातला) 'डब्ल्यू' फक्त रोमन अक्षरं, इंग्रजी आकडे आणि अंडरस्कोर ओळखतो. युनिकोडचा 'लेटर' वर्ग घेतला तरी 'सभासद' हा शब्द 'सभ'वर तुटतो, कारण काना, मात्रा, अनुस्वार 'मार्क' वर्गात असतात. लेटर, मार्क, नंबर आणि अंडरस्कोर असे चारही घ्या.

तपासणीचं कनेक्शन वेगळंच ठेवा. क्वेरी चालवायच्या कनेक्शनवर ट्रान्झॅक्शन उघडं असताना 'प्रिपेअर' फसलं तर ते अख्खं ट्रान्झॅक्शन बाद होतं आणि पुढच्या प्रत्येक क्वेरीला २५पी०२ ही एरर येते. त्या वेगळ्या कनेक्शनला ट्रान्झॅक्शन रीड-ओन्ली, 'स्टेटमेंट टाइमआउट' दोन सेकंद आणि 'अ‍ॅप्लिकेशन नेम'मध्ये एक्स्टेंशनचं नाव द्या. मग डेटाबेस सांभाळणाऱ्याला पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये कुठलं कनेक्शन कुणाचं ते दिसतं. मला हे नाव दिल्यानंतरच लॉगिन मिळालं. त्याआधीचा अर्ज नऊ दिवस पडून होता.

प्रत्येक कळ दाबल्यावर तपासणी करू नका. बोटं थांबल्यावर ४०० मिलिसेकंदांनी करा, आणि उत्तर येईपर्यंत फाइलची आवृत्ती बदलली असेल तर ते उत्तर टाकून द्या. नाहीतर जुन्या मजकुराच्या रेघा नव्या मजकुरावर बसतात आणि पुन्हा तुम्ही मोजमापालाच दोष देत बसाल. माझे दोन दिवस असेच गेले.

सुरुवातीला क्लायंट आणि लँग्वेज सर्व्हर यांच्यातल्या संदेशांचं फ्रेमिंग (संदेश कुठे संपतो ते सांगणारी बांधणी) मी हातानं लिहिलं होतं. प्रत्येक संदेशाच्या डोक्यावर 'कंटेंट-लेंग्थ' असतं आणि ते बाइटमध्ये हवं. मी स्ट्रिंगची लांबी देत होतो. कॉलमवर माउस नेला की डेटाबेसच्या कॅटलॉगमधलं (टेबल-कॉलमांच्या नोंदींमधलं) मराठी वर्णन दिसायला हवं, तिथे संदेश अर्ध्यातच कापला जाऊन जेसन तुटायचं. तयार लायब्ररी हे बरोबर करते, ती वापरा. लँग्वेज सर्व्हर स्टँडर्ड आउटपुटवर बोलत असेल तर 'कन्सोल लॉग'ची एक ओळही त्यात मिसळते आणि संवाद बिघडतो. नोंदी स्टँडर्ड एररवर टाका.

कॅटलॉग वाचायला 'इन्फर्मेशन स्कीमा'पेक्षा पीजी_क्लास आणि पीजी_अ‍ॅट्रिब्यूट बरे. 'इन्फर्मेशन स्कीमा'त मटेरियलाइज्ड व्ह्यू (निकाल साठवून ठेवलेल्या क्वेरी) दिसतच नाहीत. पीजी_अ‍ॅट्रिब्यूटमध्ये काढून टाकलेले कॉलमही राहतात, म्हणून 'अ‍ॅट-इज-ड्रॉप्ड' नसलेलेच घ्या आणि 'अ‍ॅटनम' शून्यापेक्षा मोठा हवा. पासवर्ड सेटिंगच्या फायलीत ठेवू नका, एडिटरचं सीक्रेट स्टोरेज त्यासाठीच आहे. रिमोट एसएसएचवर एक्स्टेंशन पलीकडच्या मशीनवर चालत असेल तर 'लोकलहोस्ट' म्हणजे ते मशीन, तुमचा लॅपटॉप नव्हे.

मोजमापाचं हे सगळं यंत्र तयार असल्यामुळे शेवटी एक तपासणी जवळजवळ फुकट मिळाली, आणि आमच्याकडे आता तीच सगळ्यात जास्त कामी येते. पोस्टग्रेसमध्ये नावाची मर्यादा ६३ बाइट, म्हणजे सलग देवनागरीचे फक्त २१ कोड पॉइंट. अहवालात कॉलमला 'सभासदाचे संपूर्ण नाव व पत्ता' असं नाव दिलं तर 'व' आणि त्यानंतरची मोकळी जागा धरून ६१ बाइट भरतात, 'प' बसत नाही, आणि 'पत्ता' गळतो. सर्व्हर त्याबद्दल फक्त नोटीस देतो, क्वेरी चालते. 'सभासदाचे संपूर्ण नाव व पद' हा दुसरा कॉलम असेल तर दोघांचं नाव एकच होतं. नोडच्या पीजी लायब्ररीत ओळ ऑब्जेक्ट म्हणून येत असेल तर त्यातला एक कॉलम दुसऱ्याखाली गडप होतो. आमचं एक्स्टेंशन आता ६४ व्या बाइटपासून पुढच्या अक्षरांखाली पिवळी रेघ मारतं, आणि ती बरोबर 'प'खालीच सुरू होते.