तुम्ही विचारलंत म्हणून: शोरूमची चाललेली गाडी कितीला मागावी?

माझी सगळी नोकरी बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर झाली, त्यामुळे साताऱ्यात ओळखीपाळखीतलं कुणी गाडी घ्यायला निघालं की मला फोन येतो. हल्ली प्रश्न बहुतेक एकच: शोरूमवाला टेस्ट ड्राइव्हची गाडी देतोय, चार हजार किलोमीटर पडलेत, किती कमी करून मागू?

किलोमीटरचं नंतर बघू. आधी विचारा, पासिंग, म्हणजे आरटीओत नोंदणी, झालंय का, आणि कुणाच्या नावावर?

शोरूमच्या नावावर एमएच ११ चा नंबर पडला असेल, तर सीटवरचं प्लास्टिक निघालेलं नसलं तरी कागदावर तुम्ही दुसरे मालक. फॉर्म २९, ३० भरून गाडी नावावर करायची. कर्ज बहुधा जुन्या गाडीचं, म्हणजे व्याज जास्त. वॉरंटीही केव्हाच सुरू झालेली. लाल पाटी, पिवळी अक्षरं अशा ट्रेड नंबरवरच (नोंदणी न झालेली गाडी फिरवायला शोरूमला मिळतो तो) फिरली असेल, तर पहिले मालक तुम्हीच. (सेल्समन दोन्हींना ‘नवीच आहे हो’ म्हणतो. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून बघा.)

पासिंग झालेल्या गाडीचा आकडा मी विम्यावरून काढतो. विम्यात गाडीची किंमत धरताना पहिले सहा महिने ५ टक्के घट, पुढे वर्षापर्यंत १५, मग २०. समजा, कोऱ्या गाडीची एक्स-शोरूम किंमत १० लाख, त्यावर आज ४० हजारांची सूट चालू आहे. चाललेली गाडी आठ महिन्यांपूर्वी पास झालीये. मग हिशोब ९ लाख ६० हजारांवरून करायचा. १५ टक्के गेले, राहिले ८ लाख १६ हजार. बोलणी तिथून सुरू करा. शोरूमवाला म्हणेल, टॅक्स आम्ही भरलाय. खरंय, आपल्याकडे तो एकरकमी असतो आणि गाडीबरोबर तुमच्याकडे येतो. त्याचे थोडे वाढवून द्या, पण तोही आठ महिने जुना धरून. हँडलिंग चार्ज मात्र एक रुपया देऊ नका.

आता किलोमीटर. साताऱ्यात टेस्ट ड्राइव्ह म्हटलं की गाडी यवतेश्वरच्या घाटात घालायची हौस फार. नवशिके, सासऱ्यांना गाडी दाखवायला आलेले जावई, सगळे चढाला हाफ क्लचवर. चार हजार किलोमीटर एकाच्या पायाखालचे वेगळे आणि शंभर जणांच्या पायाखालचे वेगळे. तुम्हीही तिथेच न्या. चढाला अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. क्लच प्लेट सहसा वॉरंटीत बसत नाही. नवी घालून देणार असं बिलावर लिहून घ्या.

आणि जायचं पितृपक्षात. पाडव्याला, दसऱ्याला तुमच्याशी बोलायला तिथे कुणाला वेळ नसतो. पितृपक्षात मॅनेजर स्वतः चहा मागवतो. घरच्यांना चालणार नसेल तर भाव तेवढा तेव्हा कागदावर घ्या, गाडी घटस्थापनेला आणा.