आमची वाटचाल : पंखा सगळ्यात शेवटी

संगणक दुरुस्तीचं आमचं काम सुरू झालं ते इंटेलचा पेंटियम ४ आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन या प्रोसेसरांच्या जमान्यात. सुरुवातीच्या अ‍ॅथलॉनला स्वतःला वाचवायची सोय नव्हती. हीटसिंकशिवाय (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) चालू केला तर काही सेकंदांत जळायचा. चिपवर धातूचं झाकणही नसे, त्यामुळे क्लिप लावताना हीटसिंक तिरका झाला की चिपचा कोपरा उडायचा. पेंटियम ४ मात्र तापला की आपोआप मंदावायचा. पुढे ही सोय सगळीकडे आली आणि तक्रारींचं रूप पालटलं. प्रोसेसर जळणं जवळपास थांबलं; 'मशीन हळू चालतंय' हे गाऱ्हाणं वाढलं. त्यामागे उष्णता असेल हे बहुतेकांच्या गावीही नसतं. पंखा बदलून द्या, एवढंच मागणं.

आम्ही आधी मोजतो. खोलीचं तापमान, मशीन नुसतं चालू असतानाचं आणि पूर्ण भारावर वीस-तीस मिनिटं चालवल्यानंतरचं. खोली ८ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच वर जातो, म्हणून आमच्या कार्डावर खोली आणि प्रोसेसर यांतला फरक लिहिलेला असतो.

आकड्यापेक्षा जास्त सांगते ती त्याची चाल. भार देताच एक-दोन सेकंदांत पारा ९५-१०० वर गेला आणि हीटसिंकला हात लावला तर तो गारच, तर उष्णता चिपमधून धातूत उतरतच नाहीये. पेस्ट (चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावायचा लेप) वाळलीय, कूलर (हीटसिंक आणि पंख्याची जोडी) नीट बसलेला नाही किंवा तळाची प्लास्टिक फिल्म तशीच राहिलीय (हे वाटतं त्याहून जास्त वेळा सापडतं). पारा काही मिनिटांत हळूहळू चढला, हीटसिंकही चटका देतोय आणि भार काढल्यावर उतरायला वेळ लागतोय, तर दोष हवेचा: धूळ, कोंडलेलं कॅबिनेट किंवा उलट्या दिशेने लावलेला पंखा. नव्या प्रोसेसरना मात्र हा निकष डोळे झाकून लावता येत नाही. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर जोरदार भारावर ९५ अंशांपर्यंत जातील असेच बनवलेले आहेत.

इंटेलचं एलजीए ७७५ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) आलं आणि सोबत चार प्लास्टिक पिनांचा कूलर. हाताला सोपा, पण फसवा. पिना डोक्यावरच्या बाणाच्या उलट दिशेने फिरवून ठेवायच्या, समोरासमोरच्या तिरप्या जोडीने दाबायच्या आणि मदरबोर्ड उलटा करून चारही पिनांचे पाय फाकलेत का ते पाहायचं. एक जरी अर्धवट बसली तरी एक बाजू उचललेली राहते.

पेस्टबद्दलचा गैरसमज अजून हटलेला नाही. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंडावा नव्हे. तिचं काम दोन धातूंमधल्या बारीक फटींतली हवा हटवणं. धातूच्या तुलनेत तीसुद्धा वाईटच वाहक. साध्या डेस्कटॉपला मधोमध ४-५ मिलिमीटरचा थेंब पुरतो, लांबट झाकणाच्या प्रोसेसरला एक रेघ. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसायची. तिच्यावरच नवी लावायची नाही. एएमडीच्या एएम ४ सॉकेटवरचा कूलर काढण्याआधी मशीन थोडं तापवून, बंद करून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे पिळायचा. सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

लॅपटॉपचं काम वाढलं तशी खरी कसोटी लागली. पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीचं नमद्यासारखं पटल बसतं. बाहेरून ब्लोअर मारला तर ते सुटून पंख्यात अडकतं. पंखा उघडूनच काढावं लागतं. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरायची, नाहीतर भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. हीटसिंकवर कोरलेल्या १, २, ३, ४ या क्रमाने स्क्रू आवळायचे, उलट क्रमाने सोडायचे. आणि थर्मल पॅड (हीटसिंकखालची फट भरणारी मऊ पट्टी): मूळचं १ मिलिमीटरचं असताना दीडचं लावलं, तर हीटसिंक चिपपासून उचलला जातो आणि दुरुस्तीनंतर तापमान आणखी वाढतं. लॅपटॉपच्या उघड्या चिपवर पातळ पेस्ट गरम-गार होताना कडेला सरकते, म्हणून तिथे आम्ही आता फेज-चेंज शीट वापरतो. ४५ अंशांच्या आसपास ती मऊ होते आणि जागा धरून राहते.

अलीकडे बरंच काम स्क्रू ड्रायव्हरशिवाय होतं. इंटेलच्या कोअर आय ९ १३९००के या प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा १२५ वॅट, टर्बोची (वाढीव वेगाची) २५३. कित्येक मदरबोर्ड मात्र ही मर्यादा खुली सोडून येत. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ती पुन्हा २५३ वर किंवा त्याखाली आणली की पारा उतरतो, आणि वेगातला फरक रोजच्या कामात सहसा जाणवत नाही.

लिक्विड मेटल (पेस्टऐवजी लावायचा द्रव धातू) मात्र आम्ही लावून देत नाही. त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम खातं आणि ओघळलेला थेंब मदरबोर्डवर शॉर्ट करतो.