नवी मुंबईत सीवूड्सच्या खाडीकाठी टेरेक सॅन्डपायपर हा छोटा किनारपक्षी दिसला! (जाणार असाल तर आधी तिथी बघा)

नेरुळला राहून बारा वर्षं झाली, पामबीच रस्त्यावरून फ्लेमिंगो दरवर्षी बघते, पण टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीवर खास छोटे किनारपक्षी बघायला म्हणून आधी कधी गेले नव्हते. गेल्या वर्षी दोनदा गेले तेव्हा नुसता चिखल आणि लांबवर ठिपके, बाकी काही नाही. चूक वेळेची होती. मी उजाडायची वेळ बघून जात होते आणि इथे बघायची असते भरतीची वेळ.

झालं काय की जेट्टीवर जाळं आवरत बसलेल्या एका काकांना मी सहज विचारलं, काका, पाणी कधी भरणार? ते म्हणाले, "आज तेरस हाय ना, तेराची पाऊणपट कर, पावणेधाला पाणी फुल." म्हणजे तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पुनवेला नि अवसेला सव्वाअकराच्या आसपास. मी नंतर भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं, थोडाफार फरक पडतो पण सकाळ ठरवायला एकदम पुरेसं आहे.

तर यंदा महावीर जयंतीची सुट्टी गाठली. ही जयंती चैत्र शुद्ध त्रयोदशीलाच असते, म्हणजे भरती पावणेदहाची, आणि पौर्णिमा जवळ असल्याने पाणीही चांगलं चढतं. अष्टमीच्या आसपास भांगेचं पाणी, म्हणजे कमी चढणारी भरती असते, तेव्हा खाडीतला चिखल पुरता झाकत नाही मग पक्षी तिकडेच चरत राहतात, आत येतच नाहीत. उधाणाला मात्र त्यांना बसायला जागा उरत नाही आणि थवेच्या थवे खाडी सोडून आतल्या उथळ पाण्यात येतात. सगळी गंमत या तासा-दीड तासात आहे.

मी आणि माझी दहा वर्षांची भाची साडेसातला पोचलो. आधी शेकाटे, मग गॉडविट, मग टिलव्यांचा एक थवा आला, पन्नासेक असतील, सगळे एकदम वळले की पांढरे चमकायचे आणि परत वळले की दिसेनासे. त्यांच्यात चार-पाच कर्ल्यू सॅन्डपायपर होते, विटकरी लाल रंगाचे! हिवाळ्यात हाच पक्षी करडा असतो, एप्रिलमध्ये सैबेरियाच्या टुंड्राकडे निघण्याआधी असा रंगतो. २०२४ मध्ये याचं नाव धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' गटात गेलं, त्यामुळे घरापासून पंधरा मिनिटांवर तो असा दिसणं मला फार मोठं वाटतं.

सव्वाआठला चिखलाची शेवटची पट्टी उरली होती. भाची दुर्बिणीतून बघत एकदम म्हणाली, "मावशी, याची चोच वर वळलीये!" टेरेक सॅन्डपायपर. साळुंकीएवढा, पाय आखूड आणि नारिंगी-पिवळे, चोच लांब आणि टोकाकडे हलकीच वर उचललेली. बाकीचे जागेवर उभं राहून चोच खुपसत होते आणि हा मान खाली घालून नुसता पळत सुटायचा, थांबायचा, एक बारीक खेकडा उचलायचा, की परत पळ. तो खेकडा त्याने पाण्यात बुडवून धुतल्यासारखा केला आणि मग गिळला, हे आम्ही दोघींनी पाहिलं. माझा लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेला पक्षी, आणि शोधला तिने. सात-आठ मिनिटांत पाणी आलं नि तो तिवरांकडे उडाला.

जाणाऱ्यांसाठी: सीवूड्स-दारावे स्टेशनवरून रिक्षा मिळते. भरतीच्या दोन तास आधी पोचा. ऊन पाठीशी राहील असं उभं राहा नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात. ८×४२ दुर्बीण पुरते, स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची मोठी दुर्बीण) कुणाकडे असेल तर सोनं. पाणी, टोपी आणि डासांचं मलम न्या, तिथे टॉयलेट नाही, सावलीही जवळजवळ नाही, साडेदहानंतर ऊन सहन होत नाही. चिखलात उतरू नका, पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि काचा असतात.

आणि कळकळीने सांगते, फोटोसाठी थवा उडवू नका, ड्रोन तर नकोच. हे पक्षी हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतात, भरतीला त्यांना विश्रांती हवी असते. चार जणांनी चार वेळा उडवलं तर ती विश्रांती गेलीच.

लहान मुलांना फ्लेमिंगो जवळून दाखवायचे असतील तर ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, तीही भरतीवरच अवलंबून, आधी बुकिंग करा. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. गर्दी असते, पण पोरं खूश होतात.

आम्ही आता कोजागिरीच्या दोन दिवस आधी जाणार. तेव्हा परत तेरसच असेल, पक्षी करड्या पिसांत आलेले असतील आणि ओळखायला जास्त अवघड. भाचीने वहीत टेरेकची चोच आत्ताच काढून ठेवली आहे.