४१८ मीटरवरचा नर

गॉडली नदीचं पात्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला त्यात नदीच सापडेना. नजर पोचेल तिथवर करडे गोटे, आणि त्यांतून वेणीसारखे एकमेकांत गुंतत जाणारे निळसर-पांढरे प्रवाह. पाण्याचा दुधाळ रंग हिमनद्यांनी दळलेल्या दगडाच्या पिठाचा. हेच पाणी खाली टेकापो तलावात उतरतं आणि तलावाला तो फिरोजी रंग देतं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या या खोऱ्यात मे महिन्याच्या शेवटी आम्ही चार दिवस होतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा वाटाड्या. तो याच डोंगरांत लहानाचा मोठा झालेला, फार कमी बोलणारा माणूस.

आम्ही आलो होतो ताहरसाठी. हिमालयन ताहर हा मूळचा आपल्याकडच्या हिमालयातला रानबोकड. तिथे त्याला कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. इथली गोष्ट अगदी उलटी. १९०४ मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्डनं भेट दिलेले काही ताहर आओराकी अर्थात माउंट कुकच्या परिसरात सोडले गेले. वटवाघळं सोडली तर या देशात जमिनीवर राहणारा एकही मूळचा सस्तन प्राणी नाही. त्यामुळे ताहरला खाणारं कुणी नव्हतं, आणि इथल्या वनस्पतींनाही चरणाऱ्या खुरांची सवय नव्हती. कळप वाढले, उंचावरचं टसॉक गवत आणि पांढऱ्या फुलांची माउंट कुक लिली फस्त व्हायला लागली. १९९३ च्या नियंत्रण आराखड्यानं ताहरची संख्या १०,००० च्या वर जाऊ नये असं ठरवलं. शिकार हा त्या नियंत्रणाचाच एक भाग आहे. हे आधी सांगतोय, कारण भारतात १९७२ पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि शिकार म्हटलं की आपल्या वाचकाच्या कपाळाला आठी पडते. पडावीच. पण एखादं जनावर मारायला परवानगी आहे म्हणून ते कसंही मारायला परवानगी आहे, असं होत नाही. या लेखात मला सांगायचंय ते याच ‘कसंही’बद्दल.

पहिले दोन दिवस पावसात आणि वाऱ्यात गेले. तिसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ झालं. आम्ही पात्र सोडून एका बाजूच्या ओढ्यानं वर चढलो. वाटेत मॅटागाउरीची काटेरी झुडपं, त्यांच्या वर स्पॅनियार्ड. हे गवत कसलं, सुयांचा गठ्ठाच. घसाऱ्यावरून पाय निसटला की आधाराला हात नेमका त्याच्यावर पडतो. दुपारी एकच्या सुमारास एका सोंडेवरच्या मोठ्या खडकाआड बसलो आणि समोरचा उतार दुर्बिणीनं विंचरायला लागलो. दक्षिण गोलार्धात थंडीतलं ऊन उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर पडतं. ताहर तिथेच ऊन खात पडलेले असतात आणि दुपार कलली की कड्यांवरून उतरून गवतावर येतात.

साडेतीनला तो दिसला. आधी चार माद्या खाली आल्या, मागून तो. मानेपाशी फिकट, गवताच्या रंगाची आयाळ, बाकी अंग जवळजवळ काळं. माजाचे दिवस, त्यामुळे आयाळ पूर्ण भरलेली, गुडघ्यांपर्यंत लोंबणारी. एका अरुंद पदरावर येऊन तो आडवा उभा राहिला. असा नर मी याआधी फक्त फोटोंत पाहिला होता.

रेंजफाइंडरनं, म्हणजे अंतर मोजायच्या यंत्रानं, दोन आकडे दाखवले. सरळ अंतर ४१८ मीटर. चढाचा कोन साधारण तीस अंशांचा, म्हणून नेमासाठीचं अंतर ३६२.

इथे मन कसं फसवतं बघा. गोळी किती खाली येणार हे आडव्या अंतरावर ठरतं, म्हणून चढावर किंवा उतारावर नेम धरताना तो लहान आकडा वापरतात. माझ्या .३०८ बंदुकीचा नेम २०० मीटरला बसवलेला होता. ३६२ ला गोळी अर्ध्या मीटरहून थोडी जास्त खाली येणार, हे कोष्टक माझ्या बंदुकीच्या दस्त्यावर चिकटवलेलं होतं. स्कोपची चकती तेवढी फिरवली की झालं. आणि लगेच डोक्यात आलं, ३६२ म्हणजे तसं जवळच की! पण तो लहान आकडा फक्त गोळीच्या घसरण्यापुरता खरा. वारा तिला पूर्ण ४१८ मीटर ढकलत राहणार. माझ्या हाताचा कंप ४१८ मीटरपर्यंत फाकत जाणार. आणि तिथे पोचायला तिला सहा दशांश सेकंद लागणार. तेवढ्यात सावकाश चालणारं जनावर अर्धा मीटर पुढे गेलेलं असतं.

ताहरच्या छातीत, जिथे लागलं तर तो जागच्या जागी संपेल, अशी जागा साधारण २० सेंटिमीटरची. वीतभर म्हणा. निघण्याआधी मी महिनाभर सरावाच्या मैदानावर त्याच मापाच्या लोखंडी तबकडीवर बार काढत होतो. बाकावरून नाही, पाठपिशवीवर बंदूक टेकवून, पोटावर झोपून. ३०० मीटरला निवांतपणे दहांत नऊ लागायच्या. टेकडी पळत चढून, धापा टाकत झोपलो की दहांत सहा. तेव्हाच वहीत लिहून ठेवलं होतं: पक्का टेकू आणि कळणारा वारा असेल तर ३००, नाहीतर २००. हा आकडा घरी बसून ठरवायचा असतो. असा नर समोर उभा राहिला की छातीत जे धडधडायला लागतं, ते आकडा वाढवण्याच्याच बाजूनं बोलतं.

“वारा कसा वाटतोय?” मी विचारलं.

“तूच सांग,” वाटाड्या दुर्बीण न काढता म्हणाला.

मी बघायला लागलो. आमची सोंड सावलीत गेली होती, हवा थंड होऊन माझ्या मानेवरून खाली सरकत होती. समोर नराची आयाळ डावीकडून उजवीकडे हलत होती. तो उतार अजून उन्हात होता, तिथली गरम हवा वर चढत असणार. आणि मधल्या घळीच्या काठावर टसॉकचे शेंडे उजवीकडून डावीकडे झुकलेले. तीन ठिकाणी तीन वारे. ताशी पंधरा किलोमीटरचा आडवा वारा या अंतरावर गोळीला दीड वितीहून जास्त बाजूला नेतो. म्हणजे वाऱ्याचा अंदाज निम्म्यानं जरी चुकला तरी जवळपास २० सेंटिमीटरची चूक, आणि मी मधोमध नेम धरून दोन्हीकडे मिळून वीतभराच्या जागेवर मारणार. इथे तर वारा किती हे दूरच, कुठल्या दिशेचा धरायचा हेच कळत नव्हतं.

खरं तर निर्णय तिथेच झाला होता. पण मी तो मान्य करायला तयार नव्हतो. बंदूक पिशवीवर टेकवली, स्कोपमधून पाहिलं. फुलीची रेघ त्याच्या खांद्यावर आली, गेली, परत आली.

तेव्हा मला ती हरणी आठवली.

दोन वर्षांपूर्वी, याच डोंगररांगेतल्या दुसऱ्या एका खोऱ्यात, मी एकटा गेलो होतो. लाल हरणाची मादी, ३८० मीटर, वारा जवळजवळ नाहीच. नेम चांगला होता, चापही नीट ओढला होता. पण गोळी वाटेत असताना तिनं एक पाऊल टाकलं. चरणारं जनावर पाऊल टाकणारच, त्यात तिचा काय दोष? आवाज आला तो छातीत लागल्यावर येतो तसा खणखणीत नव्हता, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा होता. पोटात लागली होती. अशा वेळी जनावराला काही तास बसू द्यायचं असतं, ते जवळच कुठेतरी पडतं आणि तिथेच संपतं. मला हे माहीत होतं. तरी राहवलं नाही. मी लगेच मागे गेलो आणि माझ्या चाहुलीनं ती उठून खाली बीच नावाच्या झाडांच्या जंगलात गेली. पानांवर चार थेंब रक्त आणि पोटातला हिरवट रस, एवढाच माग. अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसरा पूर्ण दिवस शोधलं. सापडली नाही. तिला किती वेळ लागला असेल हा प्रश्न माझ्याबरोबर त्या जंगलातून बाहेर आला तो आजवर आहे.

मी बोल्ट उघडला, काडतूस काढून खिशात टाकलं.

“जवळ जाता येईल?” मी म्हणालो.

वाटाड्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “डावीकडच्या धारेनं खाली उतरलो तर अडीचशेपर्यंत पोचू. उजेड पुरला तर.”

मग त्यानं मला पदराच्या खाली बघायला लावलं. नर उभा होता ती जागा जेमतेम खोलीएवढी, आणि तिच्या खाली सरळ कातळकडा. “इथून लागला असता आणि दोन पावलं जरी चालला असता, तरी खाली गेला असता. तिथून त्याला कोण काढणार?” मी एवढा वेळ नर बघत होतो, त्याच्या पायाखालची जमीन बघितलीच नव्हती. इथल्या बंदुकीच्या नियमांत लक्ष्य निःसंशय ओळखा आणि गोळीच्या वाटेत व मागे काय आहे ते तपासा, असं पाठ करून घेतात. जनावर पडेल कुठे आणि तिथे पोचता येईल का, हे माझ्या मते त्याच ओळीत जोडायला हवं.

आम्ही धारेनं उतरायला लागलो. घसारा, मग गवत, मग ओढ्यात जमलेला पातळ बर्फ. वाटेत दोन किया पोपट आमच्या डोक्यावरून ओरडत गेले आणि मला वाटलं, झालं, आता हे सगळ्या डोंगराला सांगणार. माद्यांनी माना वर केल्या, पण पळाल्या नाहीत. अडीचशे मीटरची जागा एका कातळाआड होती. तिथून डोकं वर काढलं तेव्हा पदर रिकामा होता. माद्या एकामागून एक वरच्या खिंडीकडे निघाल्या होत्या. नर सगळ्यांत शेवटी, आकाशाच्या रेषेवर क्षणभर थांबला. अंतर टप्प्यात होतं, पण त्याच्या मागे मोकळं आकाश, आणि खिंडीपलीकडच्या खोऱ्यात कोण चालतंय ते मला दिसत नव्हतं. मी बंदूक खांद्याला लावलीसुद्धा नाही. तो पलीकडे उतरला.

सव्वाचार वाजले होते. परतायला हवं होतं, पण मी वाटाड्याला म्हटलं, मला ती जागा बघायचीय. तो काही बोलला नाही, पुढे झाला. बाजूच्या एका नाळेनं, हात टेकत टेकत, अर्ध्या तासात आम्ही पदरावर पोचलो.

तिथे वारा अजिबात नव्हता. गवताची काडी हलत नव्हती. मी खिशातून चिमूटभर सुकं गवत काढून हवेत सोडलं, ते सरळ माझ्या बुटांवर पडलं. तासाभरात हवा पडली होती की त्या वेळीही आयाळ फक्त त्याच्या हलण्यानं हलत होती, हे मला कधीच कळणार नाही. कदाचित लागली असती. छातीतच लागली असती. मी तिथे उभा राहून पलीकडच्या आमच्या खडकाकडे बघितलं. तो एवढासा दिसत होता, अंगठ्याच्या नखाआड सहज लपेल इतका.

पदराच्या आतल्या बाजूला, कातळाला लागून, त्याची बसायची जागा होती. गवत गोल दबलेलं, बोकडाचा उग्र दर्प, आणि स्पॅनियार्डच्या एका सुईवर अडकलेले लांब, फिकट केस. मी वाकून ते बोटांत घेतले. टोकाला तांबूस, मुळाशी करडे.

“चल,” वाटाड्या म्हणाला, आणि डोक्यावरचा दिवा लावून नाळेकडे वळला.