आमची वाटचाल: होज पाइपपासून ट्रेंचरपर्यंत

कुडाळच्या एमआयडीसीत आम्ही सुरुवात केली ती जेसीबी-ट्रॅक्टरच्या होज क्रिम्पिंगने, म्हणजे तेलाच्या होज पाइपना टोकाचं फिटिंग दाबून बसवण्याने. पुढे महामार्गाच्या कडेने फायबर केबलचे चर पडू लागले, गावोगाव नळयोजनांचे पाइप जाऊ लागले आणि दारात ट्रेंचर, म्हणजे दातेरी साखळीने चर खोदणारी मशीन, उभे राहू लागले. आता मुख्य काम तेच.

बहुतेक मशीन "हायड्रॉलिक पंप गेला" हे निदान सोबत घेऊनच येतं. पंप बरेचदा ठणठणीत असतो. आम्ही आधी आरपीएम बघतो. जांभ्यात साखळी अडली आणि इंजिन काळा धूर ओकत दबलं, तर एअर फिल्टर चोंदलाय किंवा दात बोथट होऊन लोड वाढलाय. धूर नाही, पण इंजिन दम सोडतंय? डिझेल पुरत नाही. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधलं पाणी काढा, फिल्टर बदला, हँडपंप मारून लाइनमधली हवा काढा. साखळी थांबली तरी इंजिन मजेत फिरतंय, तेव्हाच हायड्रॉलिककडे वळायचं.

तिथे टेस्ट पोर्टला, म्हणजे दाब मोजायच्या तोंडाला, गेज लावून साखळी अडवायची आणि दाब दोन-तीन सेकंदांतच वाचायचा, जास्त नाही. थंड तेलावर मॅन्युअलचा आकडा गाठतो आणि तेल तापल्यावर उतरतो, म्हणजे आतून गळती. दाबाची मर्यादा ठरवणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू पिळणं हा साइटवरचा लाडका उपाय. झिजलेला पंप त्याने सुधारत नाही, चांगली होज मात्र फुटते. पंप गेलाय की साखळी फिरवणारी मोटर, हे केस ड्रेन, म्हणजे त्यांच्या आतून झिरपून टाकीत परतणारं तेल, सांगतं: दोन्हींचं तेल सारख्याच आरपीएमवर, सारख्याच वेळात मोजून कंपनीच्या मर्यादेशी ताडायचं.

पंप किंचाळतोय आणि टाकीत फेस आहे, तर टाकीतून तेल ओढणाऱ्या सक्शन पाइपचा क्लॅम्प बहुधा ढिला आहे. फेस नसेल तर बहुधा सक्शनची जाळी तुंबलीय. तेल ताकासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, बहुधा ब्रीदरमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या तोंडातून, पावसाचं. नुसती टाकी रिकामी करून भागत नाही, सिलिंडर आणि होजमधलंही तेल काढावं लागतं. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. सुईएवढ्या भोकातलं तेल कातडीत घुसतं.

खाऱ्या हवेने सिलिंडरच्या रॉडच्या क्रोमला खड्डे पडतात आणि नवं सीलही महिन्याभरात फाटतं. तिथे सील विकून आम्ही पैसे घेत नाही, आधी रॉड. मिरगाआधी मशीन उभं करताना रॉड आत घ्या, उघडा भाग ग्रीसने माखा.

फोन करताना धुराचा रंग, आरपीएम आणि तेल तापल्यावर काय होतं, एवढं सांगा. ट्रेलरचं भाडं बरेचदा वाचतं.