‘चला मुलींनो’ आणि भविष्यकाळ

आमचा एक छोटासा ग्रुप आहे, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांचा, दर पंधरा दिवसांनी ऑनलाइन भेटतो, आणि पोस्टरवर आम्ही चांगलं ठळक लिहितो ‘महिला आणि नॉन-बायनरी व्यक्तींसाठी’, म्हणजे स्वतःला फक्त बाई किंवा फक्त पुरुष न मानणाऱ्यांसाठीही. लिहायला काय जातंय. कॉल सुरू झाला की पहिलं वाक्य माझंच असायचं, "चला मुलींनो, सुरू करूया". दीड वर्ष असंच चाललं आणि कोणाला काही खटकलं नाही, म्हणजे मला तरी तसंच वाटत होतं.

मग एकदा लक्षात आलं की एका मेंबरच्या तोंडून ‘मी आले’ किंवा ‘मी आलो’ कधी येतच नाही. उशीर झाला तर "मला उशीर झाला", कोड झाला तर "मी फंक्शन लिहिलं", पुढचं काही असलं तर "मी बघेन". आधी वाटलं असेल बोलायची स्टाइल. ट्यूब पेटायला वेळ लागला. ‘मी करतो’, ‘मी करते’ म्हटलं की समोरच्याला लगेच कळतं बाई की पुरुष, पण ‘मी करेन’ मध्ये काही कळत नाही, आणि ‘मी लिहिलं’ मधलं क्रियापद लिहिलेल्या वस्तूच्या मागे जातं, माझ्या मागे नाही. शाळेत कर्मणी प्रयोग घोकला होता तो असा कामाला येईल असं काय वाटलं नव्हतं. म्हणजे दीड वर्ष प्रत्येक वाक्य बाहेर काढायच्या आधी मनात उलटसुलट करून घेतलं जात होतं आणि आम्ही आपल्या "आवाज येतोय ना?" करत बसलेल्या.

मग त्या मेंबरला पर्सनलवर विचारलं. त्यांनी सांगितलं (बघा, ‘त्यांनी सांगितलं’ चालतं, ‘म्हणाले-म्हणाल्या’ केलं की फसलो), "पोस्टर बघून जॉइन केलं, पण आत मुलींचाच ग्रुप निघाला." एवढंच. रागाने वगैरे नाही. मला मात्र ते दोन दिवस टोचत राहिलं.

बोलावणं कसं आहे यानं फरक पडतो हे खरंच आहे. २००६ मध्ये ग्नोम या ओपन सोर्स प्रोजेक्टला (म्हणजे ज्याचा कोड कोणालाही बघता-बदलता येतो) गूगल समर ऑफ कोडसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांना पैसे देऊन अशा प्रोजेक्टवर काम करू देणाऱ्या गूगलच्या प्रोग्रॅमसाठी, १८१ अर्ज आले, त्यात बाई एकही नाही. त्यांनी लगेच खास महिलांसाठी प्रोग्रॅम जाहीर केला तर शंभरावर अर्ज! म्हणजे बायका होत्याच, त्यांना ते आपल्यासाठी आहे असं वाटत नव्हतं. तोच प्रोग्रॅम पुढे आउटरीची झाला, आता ट्रान्स आणि नॉन-बायनरी लोकांनाही त्यात जागा आहे, आणि कामाचे पैसे मिळतात, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण फुकटात काम करायला वेळ कोणाकडे असतो ते आपल्याला माहितीये. अमेरिकेतल्या पायकॉन या पायथनवाल्यांच्या परिषदेचंही तसंच, २०११ मध्ये भाषणांपैकी १ टक्का बायकांची, २०१६ मध्ये ४०. मधल्या काळात आयोजकांनी एकेकीला गाठून विचारलं, तू प्रपोजल टाक ना म्हणून. हे काम फार कंटाळवाणं असतं, मी केलंय, दहा मेसेज टाकले की दोन उत्तरं येतात आणि त्यातलं एक ‘बघते’.

पण बोलावून आत आणलं आणि पुढे काय? आमच्याकडे मीटिंगच्या होस्टचा पासवर्ड, रिपॉझिटरीचे (जिथे सगळ्यांचा कोड ठेवतो ती) अॅडमिन राइट्स, सगळं माझ्याकडे आणि अजून एकीकडे. नोट्स मात्र नवीन कोणी आलं की त्यांच्या गळ्यात. मिक्स ग्रुपमध्ये हेच आमच्याशी व्हायचं आणि तेव्हा आम्ही किती चिडायचो, स्वतःच्या ग्रुपमध्ये तेच करताना कळलंही नाही.

‘मुलींनो’ सोडायला मला महिना लागला, अजून अधूनमधून ‘चला मु...’ होतं आणि मग सगळे हसतात. ‘मंडळी’ बरं पडतं. नोट्सला पाळी लावली. पासवर्ड चौघांना दिले, त्यातला एक त्या ‘मी बघेन’वाल्या मेंबरला, आणि तो देताना माझा हात किती जड झाला ते मलाच माहीत.

काल ग्रुपवर मेसेज आला: "गुरुवारचं सेशन मी घेईन, लिंक पण मीच टाकेन. पाच मिनिटं आधी कोणी येऊ नका, मला सेटिंग बघायचंय."